संस्थेतील अवघड माणूस

महोत्सवी अंकाची रचना बहुधा ठरलेली असते. आरंभी संस्थापकांची छायाचित्रे, मग अध्यक्षांचे मनोगत, चिटणिसांचा अहवाल, देणगीदारांची यादी आणि शेवटी जाहिराती. या सगळ्या पानांत एका गृहस्थांचा उल्लेख मात्र कोठेच सापडत नाही. हे गृहस्थ प्रत्येक वार्षिक सभेस वेळेवर येतात, पुढच्या रांगेत बसतात आणि मागील सभेचे इतिवृत्त वाचून होते न होते तोच उभे राहून म्हणतात, "अध्यक्षमहाराज, माझी एक हरकत आहे." सभागृहात चुळबुळ सुरू होते. कोणी घड्याळाकडे पाहतो, कोणी शेजाऱ्याला कोपराने डिवचतो, आणि चहाचा ट्रे आत आणावा की नाही या विचारात शिपाई दारातच थांबतो.

अशी माणसे प्रत्येक संस्थेत असतात. कोणी हिशेबाच्या मागे लागतो, कोणी निमंत्रणपत्रिकेतील नावांच्या क्रमावरून रुसतो, कोणाची जीभ तिखट असते, तर कोणाला कोणाचेच पटत नाही. त्यांच्याशी चांगुलपणाने वागावे हे सर्वांस तत्त्वतः मान्य असते. चांगुलपणाने वागावे म्हणजे नेमके काय करावे, यावर मात्र सहसा कोणी बोलत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही तेवढाच विचार करणार आहोत.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक नाजूक का?

मराठी माणूस वडोदऱ्यास आला तो अठराव्या शतकात, गायकवाडांबरोबर. कोणी शिलेदार म्हणून आला, कोणी कारकून म्हणून, कोणी केवळ पोटामागे. १९४९ साली बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० साली गुजरात राज्य वेगळे झाले, आणि राहते घर न सोडता आपण दुसऱ्या राज्याचे रहिवासी झालो. येथे आपली वस्ती जुनी आहे, पण लहान आहे. पुण्यामुंबईच्या माणसाचे एका मंडळात बिनसले तर चार गल्ल्यांपलीकडे दुसरे मंडळ त्याची वाट पाहत असते. आपल्याला ती सोय नाही. न्यासाच्या सभेत ज्यांच्याशी खटका उडाला तेच गृहस्थ गणेशोत्सवात आरतीला शेजारी उभे असतात, मुलीच्या लग्नात वरपक्षाचे आप्त निघतात, आणि आमच्या घरी ईदच्या दिवशी शिरखुर्म्याच्या वाटीसमोर बसलेलेही तेच असतात.

याचा अर्थ असा की, येथे एका माणसाशी नाते तुटले म्हणजे एक दार बंद होत नाही, चार दारे बंद होतात. तो माणूस न्यासातून गेला की त्याची पत्नी हळदीकुंकवाला येईनाशी होते, मुले शिष्यवृत्तीचा अर्ज करीत नाहीत, आणि पुढच्या पिढीला आपल्या भाषेची चार माणसे जेथे भेटली असती ती जागाच नाहीशी होते. म्हणून अवघड माणसाला सांभाळणे हा आपल्यापुरता शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही. वस्ती टिकण्याचा तो प्रश्न आहे.

हरकत वेगळी, हरकतीची रीत वेगळी

अवघड माणसाशी वागताना पहिली अडचण येते ती अशी, की तो काय बोलतो आणि कसा बोलतो या दोन गोष्टी आपल्या कानात एकत्र मिसळून जातात. समजा, एखादे ज्येष्ठ सभासद टेबलावर हात आपटून विचारतात, "मंडपाच्या खर्चाची पावती कोठे आहे? की ती तुम्ही खाल्लीत?" या वाक्यात एक प्रश्न आहे आणि एक अपमान आहे. आपण अपमानाला उत्तर देतो आणि प्रश्न तसाच राहतो. पुढच्या वर्षी तो प्रश्न व्याजासह परत येतो.

वास्तविक हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्याने दिलेल्या जबाबदारीतूनच निघतो. मुंबई राज्यात १९५० साली सार्वजनिक न्यासांचा कायदा झाला आणि गुजरात वेगळे झाल्यावर तो येथेही चालू राहिला. न्यासाने नियमित हिशेब ठेवावेत आणि दरवर्षी ते तपासून घ्यावेत, असे त्या कायद्याने विश्वस्तांवर बंधन घातले आहे. तेव्हा पावती मागणारा सभासद कितीही कडवटपणे बोलत असला, तरी कायदा जे मागतो तेच तोही मागत असतो. त्याच्या रागाकडे पाहून त्याची मागणी अवाजवी ठरवणे न्यायाचे नाही.

आमच्या वाचनातील एक हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. हदीसच्या प्रमाणभूत संग्रहांत ती आलेली आहे. पैगंबरसाहेबांकडे एका माणसाचा उंट येणे होता. तो मागताना फार उद्धटपणे बोलला. सोबतचे अनुयायी संतापून त्याच्यावर धावले, तेव्हा पैगंबरसाहेबांनी त्यांना आवरले. ज्याचे देणे आहे त्याला बोलण्याचा हक्क आहे, असे त्यांस समजावले. मग त्याच्या उंटाच्या वयाचा उंट शोधण्यास सांगितले. तसा मिळेना, त्याहून चांगला होता, तर तो चांगलाच देऊन टाका म्हणाले.

या हकिकतीत आम्हांस विशेष वाटते ते असे, की येथे केवळ क्षमा केलेली नाही. त्या माणसाचे देणे चुकते केलेले आहे, आणि चार चव्वल जास्त घालून चुकते केलेले आहे. पुष्कळ वेळा आपण रागावलेल्या माणसाची समजूत घालतो, पाठीवर हात ठेवतो, चहा पाजतो, आणि त्याचा उंट मात्र देत नाही. असा गोडवा त्याला कळतो आणि त्याचा राग दुणावतो. हिशेब मागणाऱ्याच्या बाबतीत खरा चांगुलपणा म्हणजे हिशेब देणे होय.

माणूस असा का होतो?

शिक्षकाच्या धंद्यात एक गोष्ट लवकर शिकावी लागते. मागच्या बाकावर बसून खोड्या करणारा मुलगा पुष्कळदा खोडकर नसतो. त्याला फळ्यावरचे दिसत नसते. चष्मा लागला की महिन्याभरात तो माणसात येतो. मोठ्या माणसांच्या स्वभावामागेही अशी साधी कारणे असतात, आणि ती आपण शोधीत नाही, कारण 'त्यांचा स्वभावच तसा' हे उत्तर आपल्याजवळ तयार असते.

उतारवयातील बहिरेपणाचेच उदाहरण घ्या. या बहिरेपणात आवाज येणे बंद होत नाही. आधी जातात ते बारीक पट्टीतले ध्वनी; त्यामुळे स, फ, त यांसारखी व्यंजने नीट ऐकू येत नाहीत. कोणी तरी बोलत आहे हे कळते, पण काय बोलत आहे ते कळत नाही. सभागृहात पंखे फिरत असतील आणि चार जण एकदम बोलत असतील, तर अडचण आणखी वाढते. अशा माणसाला समोरची मंडळी हसताना दिसली तर ती आपल्यालाच हसत आहेत असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. मग तो ओरडून बोलतो, तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि आपण त्याला भांडकुदळ ठरवतो. अध्यक्षांच्या जवळची खुर्ची आणि समोर ठेवलेला छापील हिशेब एवढ्याने त्याचे अर्धे भांडण मिटू शकते.

मधुमेहावरील इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याचे जेवण लांबले तर रक्तातील साखर उतरते. घाम फुटतो, हातपाय कापतात आणि मनुष्य एकाएकी चिडचिडा होतो. दुपारी दीडपर्यंत लांबलेल्या सभेतील कित्येक वादांवर वेळीच दिलेले दोन घास हा उपाय असतो. स्मृतिभ्रंशाच्या आजारात आपली वस्तू कोणी तरी चोरली असा संशय येणे हे नेहमीचे लक्षण आहे. ज्यांनी आयुष्यभर न्यासाची किल्ली सांभाळली असे वृद्ध गृहस्थ एकाएकी सर्वांवर आरोप करू लागले, तर त्यांच्याशी वाद घालण्यापूर्वी त्यांच्या घरच्यांशी हलक्या आवाजात बोलावे आणि डॉक्टरांस दाखविण्यास सुचवावे.

शरीराची कारणे नसतील तेथे मनाची असतात. चाळीस वर्षे ज्याच्या सहीवाचून कागद हलला नाही, त्याला निवृत्तीनंतर कोणी विचारीत नाही. ज्याची पत्नी गेली, त्याला संध्याकाळी घरी जाण्याची घाई नसते. त्याची हरकत लांबते ती बहुधा त्यामुळेच. आणि ज्याला न्यासाकडून मदत घ्यावी लागली, तो कधी कधी सर्वांत कडवट बोलतो, याचे आपल्याला नवल वाटते. त्यात नवल काही नाही. चारचौघांत व्यासपीठावर बोलावून, छायाचित्र काढून, पाकीट हातात ठेवले की घेणाऱ्याची मान खाली जाते, आणि ती पुन्हा वर करण्यासाठी तो भांडतो. मदत पोहोचविण्याची रीत बदलली तर कृतज्ञता मागावी लागत नाही.

एक पथ्य येथे सांगितलेच पाहिजे. एका माणसाचा दोष त्याच्या घराण्याच्या किंवा जमातीच्या नावे लिहू नये. "त्यांचे वडीलही असेच होते", "त्या आळीतले सगळे तसलेच" ही वाक्ये आपल्या बैठकांत फार सहज उच्चारली जातात. ज्या मुलाच्या कानांवर ती पडतात, तो मोठेपणी या सभागृहाची पायरी चढत नाही.

सोसावे कोणी, आणि किती?

सहनशीलतेचे उदाहरण म्हणून आपल्याकडे पैठणच्या एकनाथमहाराजांची कथा सांगतात. महाराज गोदावरीवरून स्नान करून येत, तेव्हा एक यवन त्यांच्या अंगावर थुंकत असे. महाराज न रागावता पुन्हा स्नानास जात. एके दिवशी असे एकशे आठ वेळा झाले, असे परंपरा सांगते, आणि शेवटी त्या माणसाला पश्चात्ताप झाला. वर्गात आम्ही ही कथा सांगतो तेव्हा 'यवन' या शब्दाशी एखादे मूल हळूच आमच्या तोंडाकडे पाहते. आम्ही तो शब्द गाळीत नाही आणि पुढे जाण्याची घाईही करीत नाही. उद्धट माणूस कोणत्याही धर्मात असू शकतो, आणि या कथेत तो अखेरीस पालटतो, एवढे मुलांना कळले म्हणजे पुरे.

परंतु संस्थेच्या व्यवहारात या कथेचा एक चुकीचा उपयोग केला जातो, त्याविषयी सावध असावे. एकनाथांनी सोसले ते स्वतःच्या अंगावर. दुसऱ्या कोणाला त्यांनी पुढे उभे करून सोसावयास लावले नाही. आपल्या संस्थांत याच्या उलट घडते. एखादे वजनदार सभासद कार्यालयातील कारकुनाला वाटेल तसे बोलतात, झाडलोट करणाऱ्या बाईंवर खेकसतात, शिष्यवृत्तीच्या अर्जातील चूक काढून विधवा आईला रडवतात, आणि पदाधिकारी म्हणतात, "जाऊ द्या, मोठे आहेत, सोसा." दुसऱ्याच्या वाट्याचे सोसणे आपण परस्पर देऊन टाकतो आणि त्याला आपला उदारपणा म्हणतो. हा उदारपणा नव्हे. तो भित्रेपणा होय, आणि त्याची किंमत दुबळा माणूस भरतो.

तेव्हा मर्यादा स्पष्ट असावी. आपल्याला स्वतःला बोलले तर शक्य तितके सोसावे. पगारी नोकराला, मदत घेण्यास आलेल्याला, स्त्रियांना किंवा मुलांना कोणी अपमानाने बोलू लागला, तर तेथल्या तेथे, शांत शब्दांत, पण निश्चयाने थांबवावे. "नाना, तुमचा प्रश्न मला विचारा, यांना नको," एवढे एक वाक्य पुरते. ते न बोलता घरी गेल्यावर नानांची निंदा करणे कोणाच्याच हिताचे नाही. थांबविणे हीसुद्धा त्या माणसावरील दयाच आहे. ज्याला कोणीच थांबवीत नाही त्याला हळूहळू सर्व जण टाळू लागतात, आणि का टाळतात ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

अंत्ययात्रेतील चांगले शब्द

आपल्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. टिळक आणि आगरकर यांनी पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलचे काम एकत्र केले, १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस बरोबर काढले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या स्थापनेत दोघेही होते. दोघेही विद्वान, निःस्वार्थी, आणि आपापल्या मतापुढे कोणाचे न ऐकणारे. मतभेद वाढले. १८८७ साली आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला. १८९० साली टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. १८९५ साली आगरकर वारले, तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनी. पुढे १९१५ साली गोखले निवर्तले. त्यांच्याशी टिळकांचा विरोध वीस वर्षांहून अधिक काळ चाललेला. तरी अंत्यविधीस टिळक गेले आणि त्यांनी गोखल्यांच्या देशसेवेचा गौरव केला.

हा त्यांचा मोठेपणाच होय. त्यांचे मतभेद तत्त्वाचे होते, आणि ते मिटावयास हवे होते असे आम्ही म्हणत नाही. आमच्या मनात येते ते एवढेच, की प्रतिपक्षाविषयी असा आदर मनात असतो, तर तो बोलून दाखवण्यासाठी आपण अंत्ययात्रेची वाट का पाहावी? आपल्या न्यासाच्या शोकसभा आठवून पाहा. हयातभर ज्यांना 'खोडीकर' म्हटले, त्यांच्याविषयी त्या दिवशी 'परखड', 'निर्भीड', 'शिस्तप्रिय' असे शब्द येतात. शब्द खोटे नसतात. फक्त उशिरा येतात. त्यांतील एखादा शब्द ते गृहस्थ पुढच्या रांगेत बसलेले असताना उच्चारला, तर त्याचा उपयोग होईल.

प्रत्यक्षात काय करता येईल?

आम्हांस सुचणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत.

एक. हरकत पूर्ण ऐकून घ्यावी आणि उत्तर देण्यापूर्वी ती आपल्या शब्दांत परत सांगावी: "काका, मंडपाची पावती हिशेबाला जोडलेली नाही, असेच तुमचे म्हणणे ना?" आपले म्हणणे पोहोचले हे कळले की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

दोन. उत्तर तारीख सांगून द्यावे आणि त्या तारखेस लेखी द्यावे. "बघू", "पाहतो" ही उत्तरे भांडणाला पाणी घालतात.

तीन. बोलण्याच्या वेळेचा नियम करावयाचा तर तो सर्वांस सारखा असावा. पाच मिनिटे म्हणजे देणगीदारालाही पाच आणि हरकतदारालाही पाच.

चार. टोपणनाव ठेवू नये, आणि कोणी ठेवलेच तर त्यावर हसू नये. संस्थेतील निम्मी वैरे हसण्यातून जन्मतात.

पाच. आता हरकतीसाठी सभेची वाट पाहावी लागत नाही. रात्री अकरा वाजता ती व्हॉट्सॲपच्या गटावर येते. तिला रात्रीच उत्तर देऊ नये. सकाळी फोन करावा. जमल्यास घरी जावे. जाताना शिष्टमंडळ नेऊ नये. ज्यांच्याविषयी त्यांना आदर आहे असे एकच माणूस पाठवावे.

सहा. हरकत घेणाऱ्यास काम द्यावे, आणि ते खरे काम असावे. ज्याला पावत्यांची चिंता, त्याला दर तिमाहीस पावत्या तपासण्यास बसवावे. तोंड बंद करण्यासाठी दिलेले नाममात्र पद त्याला तत्काळ ओळखू येते. खऱ्या कामात मात्र चिटणिसाची अडचण त्याला आतून दिसते, आणि त्याच्या नजरेतून संस्थेची उणीव आपल्यालाही दिसते.

सात. इतके करूनही काही माणसे बदलत नाहीत, हे मान्य करावे. कोणाला पदावरून दूर करावे लागते, कोणी स्वतःच राजीनामा लिहून निघून जातो. अशा वेळी पद गेले तरी पंगतीतील पान जाऊ नये. त्याच्या घरी निमंत्रण पूर्वीप्रमाणे जात राहावे. आजारपणात कोणी तरी डोकावून यावे. आपला चांगुलपणा त्याने स्वीकारलाच पाहिजे, अशी अट घालता येत नाही.

आणखी एक विचार मनात असू द्यावा. आपण ज्यांना अवघड म्हणतो त्यांची यादी प्रत्येकाच्या मनात असते. दुसऱ्या कोणाच्या यादीत आपलेही नाव असू शकते, आणि तेथे आपल्याला कोणी तरी सांभाळून घेत असते.

या महोत्सवाच्या निमित्ताने पाचपन्नास निमंत्रणे टपालाने जातील, शेकडो मोबाईलवरून जातील. आमची विश्वस्तांस आणि सभासद कुटुंबांस एवढीच विनंती आहे की, गेल्या काही वर्षांत जे रुसून येईनासे झाले, त्यांची नावे आठवून काढावीत, आणि त्यांची निमंत्रणे कोणी तरी पायी जाऊन हातात द्यावीत. ते आले तर त्यांच्यासाठी पुढच्या रांगेत एक खुर्ची असावी. त्यांनी उभे राहून हरकत घेतलीच, तर शिपायाने दारात थांबू नये. चहा आत आणावा, आणि हरकत इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.